खाजगी विमानाचा वैमानिक : डौल आणि दगदग



दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. डोंगराबाबत जे खरे, तेच आभाळातल्या विमानाबाबतही खरे आहे. पांढरा कडक सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि हाताखाली कोट्यवधींचे यंत्र, एवढेच आपल्याला दिसते. त्यातही श्रीमंतांच्या छोट्या खाजगी जेट विमानाचा वैमानिक म्हणजे तर राजाचा सारथीच, असा समज आहे. आपल्या राज्यात बारामती, शिरपूर, गोंदियाजवळील बिरसी अशा ठिकाणी विमान चालविण्याचे शिक्षण सुरू झाल्यापासून खेड्यातील हुशार मुले-मुलीही या वाटेची चौकशी करू लागली आहेत. म्हणून या कामाचा दिवस नेमका कसा जातो, हे घरातील सर्वांनी समजून घेणे बरे. हा धंदा अमेरिकेत सर्वांत जास्त वाढला आहे, म्हणून उदाहरणही तिथलेच घेऊ.

सामायिक विहिरीसारखे विमान

चार भावांत एक विहीर असली, तर प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते. अमेरिकेत विमानाचेही असेच वाटे करतात. नेटजेट्स या कंपनीने १९८६ साली ही पद्धत सुरू केली. विमानाचा सोळावा हिस्सा घेणाऱ्याला वर्षाला सुमारे ५० तास उड्डाण मिळते. कंपनी मूळची १९६४ सालची. १९९८ साली ती वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या उद्योगसमूहाने विकत घेतली.

विहिरीची पाळी आठवड्याआधी ठाऊक असते, इथे मात्र तसे नाही. हिस्सेदार काही तास आधी निरोप देतो आणि विमान हजर व्हावे लागते. ही घाई शेवटी वैमानिकाच्या अंगावर येते.

सात दिवस कामाचे, सात दिवस घरचे

अशा कंपन्यांतील अनेक वैमानिक सात दिवस सलग काम करतात आणि पुढचे सात दिवस घरी राहतात. पाळी सुरू झाली की आपल्या गावाजवळच्या विमानतळावरून साध्या प्रवासी विमानात बसायचे आणि जिथे कंपनीचे विमान उभे असेल तिथे पोचायचे. मग सात रात्री सात हॉटेलांत. आज समुद्रकाठी, उद्या बर्फात. उद्याचा कार्यक्रम आज रात्री कळतो आणि सकाळपर्यंत तोही बदललेला असतो.

दिवसभर विमानच चालवायचे असते, असेही नाही. हवामान पाहणे, इंधन भरून घेणे, वजनाचा हिशेब करणे, उड्डाणाची परवानगी घेणे ही कामे आहेतच. शिवाय पाहुण्यांचे सामान उचलून ठेवणे, खाण्याचे डबे मागवणे, विमान आतून झाडून-पुसून ठेवणे हेही बऱ्याचदा वैमानिकालाच करावे लागते. पाहुणे बैठकीला गेले की तासन् तास थांबायचे. पाहुण्यांना सोडून रिकामे विमान दुसरीकडे न्यायचे, असेही फार घडते. उसाची मोळी टाकून रिकामी गाडी परत आणणाऱ्या गाडीवानाला हे सांगायला नको.

या पद्धतीत अर्धे वर्ष घरी मिळते, ही जमेची बाजू. पण सण, लग्न, मुलाची परीक्षा कामाच्या आठवड्यात आली, तर ती चुकतेच. घरच्या माणसांनीही हे सोसावे लागते.

झोप मोजून घेण्याचा नियम

अमेरिकेत भाड्याने चालणाऱ्या खाजगी विमानांसाठी सरकारी नियम आहेत. दोन वैमानिक असले, तर २४ तासांत १० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. एकटा असेल तर मर्यादा ८ तासांची. नेहमीच्या पद्धतीत कामाचा पूर्ण दिवस १४ तासांच्या आत ठेवायचा आणि आधी सलग १० तास विश्रांती द्यायची. वर्षाला १,४०० तास ही वरची मर्यादा. विश्रांतीच्या वेळेत कंपनीचा दूरध्वनी उचलण्याचे बंधनही वैमानिकावर नसते. नाहीतर ती विश्रांती धरलीच जात नाही.

पण मालकाचे स्वतःचेच विमान असेल आणि तो ते भाड्याने देत नसेल, तर कामाच्या तासांचे हे बंधन तिथे लागू होत नाही. मालक आणि वैमानिक यांच्या समजूतदारपणावर सारे चालते. नोकरी धरताना माहीतगार वैमानिक हीच गोष्ट आधी विचारतो.

दारूबद्दलही नियम कडक आहेत. अमेरिकेत उड्डाणापूर्वी ८ तास आणि आपल्या भारतात १२ तास दारूला स्पर्श करता येत नाही. थकव्याचे मात्र असे यंत्र नाही, की फुंकर मारली आणि आकडा कळला. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोग करून दाखवले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोके थोडी दारू प्यालेल्या माणसाइतकेच ढिले पडते. पहाटे २ ते ६ या वेळेत तर शरीर आपोआपच मंदावते. मनाचा निर्धार कितीही असो, शरीर आपला हिशेब सोडत नाही.

दोन अपघात, दोन धडे

हे नियम किती महत्त्वाचे आहेत, ते दोन घटनांवरून ध्यानात येईल. ३१ जुलै २००८ रोजी मिनेसोटा राज्यातील ओवाटोना येथे भाड्याचे एक छोटे जेट विमान उतरताना धावपट्टी अपुरी पडली. चाके टेकल्यावर वैमानिकाने उशिरा पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला आणि विमान कोसळले. आतील आठही जण दगावले. चौकशीत त्या उशिराच्या निर्णयाला मुख्य दोष दिला गेला. त्याच्या जोडीला दोन्ही वैमानिकांचा आपसातील ताळमेळ कमी होता आणि दोघांवर थकव्याचा परिणाम झाला असावा, असेही नमूद झाले.

दुसरी घटना ३१ मे २०१४ ची, मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफर्ड येथील. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीचे व पंखांचे हलते भाग आपटू नयेत म्हणून एक खीळ असते. ती काढायची राहिली. विमान धावत सुटले, पण वर उठेना. सात माणसे मेली. दोन्ही वैमानिक अनुभवी होते, सुमारे १२ वर्षे एकत्र काम करीत होते. उड्डाणापूर्वी सुकाणू सर्व बाजूंनी हलवून पाहावे, असा नियम आहे. चौकशीत विमानातील नोंदी तपासल्या, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पुरती केलेली नव्हती, असे आढळून आले.

पहिल्या घटनेत अंगातला थकवा होता, दुसरीत अंगवळणी पडलेली बेफिकिरी. "रोजचेच तर आहे" हे वाक्य माणसाला कसे फसवते, ते यात दिसते.

पालकांनी काय पाहावे

मुलाला किंवा मुलीला या वाटेने पाठवायचे असेल, तर तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. म्हणून एकर-दोन एकर विकण्यापूर्वी संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना प्रत्यक्ष भेटून, त्यांना काम कधी व कुठे मिळाले याची चौकशी करावी. दुसरी, शरीराची पात्रता सरकारमान्य डॉक्टरकडून आधीच तपासून घ्यावी. पैसे भरल्यावर दोष निघाला तर उपयोग नाही. पुढेही ही तपासणी सुटत नाही. अमेरिकेत मोठ्या परवान्याच्या वैमानिकाला चाळिशीपर्यंत वर्षातून एकदा आणि नंतर दर सहा महिन्यांनी ती द्यावी लागते. तिसरी, स्वभाव पाहावा. छापील यादी हाती घेऊन तेच काम हजाराव्या वेळीही पहिल्याइतकेच नीट करणारे मूल या धंद्यात टिकते. धाडसी मूल टिकेलच असे नाही.

आपल्या शिवारातही

ज्यांची मुले विमानाकडे जाणार नाहीत, त्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. ज्यांच्या वाट्याला रात्रीची वीज येते, ते दिवसभर राबून रात्री दारे धरतात आणि सकाळी पुन्हा मळणी यंत्रासमोर उभे राहतात. त्यांच्यासाठी १० तास विश्रांतीचा सरकारी नियम नाही. तो घरानेच करायचा. रात्री पाणी देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यंत्र, कडबा कुट्टी आणि ट्रॅक्टर यांपासून दूर ठेवावे. त्याला दुपारी झोपू द्यावे, आणि कुणी त्याला आळशी म्हणू नये. यंत्र सुरू करण्यापूर्वी पाहायच्या चार गोष्टी खडूने भिंतीवर लिहाव्यात. एकाने वाचाव्यात, दुसऱ्याने हात लावून पाहाव्यात.

कोट्यवधींच्या विमानात दोन शिकलेली माणसे हेच करतात. आपल्या घरातला कर्ता माणूस तर विमानाहून कितीतरी मोलाचा आहे.