नाणकशास्त्रीय अभ्यासासाठी छायाचित्रण : प्रकाशाची दिशा आणि रंगाची अचूकता

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, शिवराई, पुनर्मुद्रांकन, तिरपा प्रकाश, वर्णनिष्ठा

प्रस्तावना

इ. स. १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या या साठ्यातील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ साली त्याचे विवरण प्रसिद्ध केले. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला हे पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखावरून कळते. त्या कथनाला या नाण्यांनी स्वतंत्र पुरावा दिला. पुढे हा साठा निरनिराळ्या संग्रहांत विखुरला. आज ग्रामीण भागातील महाविद्यालयात बसून सातवाहनांचा इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकासमोर व त्याच्या विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष नाणे नसते, नाण्याचे छायाचित्र असते.

संगमनेर परिसरातील स्थिती याहून फार वेगळी नाही. प्रवरेच्या काठच्या गावांत जुनी नाणी घराघरांतून आढळतात. शिवराई तर देव्हाऱ्यात, धान्याच्या कोठीत, आजीच्या बटव्यात कोठेही असते. विद्यार्थी ती वर्गात आणून दाखवितात आणि सायंकाळी परत घेऊन जातात. वर्षभराने विचारणा केली असता ते नाणे विकले गेले किंवा वाटणीत दुसऱ्या भावाकडे गेले, असे उत्तर मिळते. अशा वेळी अभ्यासकाजवळ उरते ते केवळ छायाचित्र. म्हणून ते सुंदर आहे की नाही, यापेक्षा त्यावरून नाण्याचे वाचन करता येते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने प्रकाशयोजना व रंग यांचा विचार केला आहे.

प्रकाशाची दिशा

नाण्यावरील अक्षर शाईने लिहिलेले नसते; ते धातूच्या पृष्ठभागाचा उंचवटा असते. आपण जे वाचतो ते उंचवट्याची एक उजळ कड आणि दुसऱ्या कडेची सावली. सावली नसेल तर अक्षर नसल्यासारखेच आहे. कॅमेऱ्यावरील फ्लॅश समोरून चमकविल्यास झिजलेल्या नाण्यावरील लेख दिसेनासा होतो, याचे कारण हेच.

तथापि केवळ तिरपा प्रकाश टाकून भागत नाही. तो कोणत्या दिशेने येतो हेही पाहावे लागते. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेषेची सावली पडत नाही. नाण्याच्या डोक्याकडून, म्हणजे घड्याळातील बाराच्या दिशेने, प्रकाश आला तर आडव्या रेषा ठळक उमटतात आणि उभ्या रेषा फिकट होतात. देवनागरीत याचा परिणाम गंभीर आहे. काना, वेलांटी व दंड या उभ्या रेषा आहेत. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असतो; परंतु प्रत्यक्ष नाण्यांवर ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ असे अनेक पाठभेद आढळतात आणि शिवराईचे वर्गीकरण करताना अभ्यासक या भेदांचा आधार घेतात. वेलांटी अक्षराच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे ज्या एका झिजलेल्या उभ्या रेषेवरून ठरते, तीच रेषा चुकीच्या दिशेच्या प्रकाशात नाहीशी होते. प्रस्तुत लेखकाने वर्गातील ट्यूबच्या उजेडात टिपलेल्या एका शिवराईचा पाठ ‘शिव’ असा नोंदविला होता. तेच नाणे पुढे खिडकीपाशी हातात फिरवून पाहता उजवीकडील दीर्घ वेलांटी स्पष्ट दिसली. छायाचित्रात कोणताही दोष नव्हता; ते रेखीव आणि नीट फोकस केलेले होते. चूक प्रकाशाच्या दिशेची होती. नाणे परत आले नसते तर तो चुकीचा पाठ तसाच राहिला असता.

यावर साधा उपाय असा की मुख्य दिवा नाण्याच्या डाव्या-वरच्या बाजूस, घड्याळातील दहाच्या दिशेला ठेवावा. त्यामुळे उभ्या व आडव्या अशा दोन्ही रेषांना सावली मिळते. दिव्याची उंची नाण्याच्या झिजेवर ठरते. उठाव चांगला असेल तर पृष्ठभागाशी सुमारे ४५ अंशांचा कोन पुरतो. अतिशय झिजलेल्या नाण्यासाठी दिवा १०-१५ अंशांपर्यंत खाली आणावा लागतो. समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केल्यास त्यावरून परतणारा मंद प्रकाश सावल्यांची तीव्रता कमी करतो. दोन सारख्या तेजाचे दिवे दोन्ही बाजूंना ठेवण्याची पद्धत पुस्तकाच्या पानासाठी योग्य आहे. नाण्यावर ते एकमेकांच्या सावल्या पुसून टाकतात.

प्रकाश खालच्या बाजूने येऊ देऊ नये, यालाही सबळ कारण आहे. प्रकाश वरून येतो असे आपली दृष्टी गृहीत धरते. तो खालून आल्यास उठावदार भाग खोलगट आणि खोलगट भाग उठावदार भासू लागतो. पुनर्मुद्रांकित नाण्याच्या बाबतीत हा भ्रम घातक ठरतो, कारण कोणता ठसा आधीचा व कोणता नंतरचा हे उंच-सखलपणावरूनच ओळखायचे असते. जोगळटेंभीच्या नाण्यांवर नहपानाच्या मुखाकृतीवर तीन कमानींच्या चैत्याचे चिन्ह व दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह उमटविलेले आहे. एका दिशेच्या प्रकाशात चैत्याच्या कमानी ठळक होतात आणि खालचे नाक-डोळे बुजतात. दिवा फिरविला की मूळ मुखाकृती वर येते. अशा नाण्याचे एकच छायाचित्र पुरेसे मानणे म्हणजे दोन राजांपैकी एकाचीच साक्ष नोंदविणे होय. किमान दोन दिशांनी स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाची दिशा घड्याळाच्या तासांत लिहावी.

हीच कल्पना टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एच. पी. प्रयोगशाळेत गणिती पद्धतीने विकसित केली. आज ती आरटीआय या नावाने परिचित आहे. कॅमेरा स्थिर ठेवून दिवा अनेक जागी हलवीत छायाचित्रे घेतली जातात. वस्तूशेजारी ठेवलेल्या चकचकीत काळ्या गोलकावरील तेजोबिंदूवरून प्रत्येक वेळी दिवा कोठे होता हे संगणक ठरवितो. पुढे पडद्यावर आपण हवा तेथून प्रकाश टाकून नाणे वाचू शकतो. यासाठीच्या संगणकप्रणाली विनामूल्य मिळत असल्याने, इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन हाती घेण्याजोगा हा प्रकल्प आहे.

चकाकीचा प्रश्न

चांदीचे न झिजलेले नाणे हे लहानसा आरसाच असते. आरशाला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. समोरची भिंत, छत, छायाचित्रकाराचा सदरा असे जे काही समोर असेल तेच त्यात दिसते. निळा सदरा घालून चांदीचा रुपया टिपला तर रुपया निळसर येतो. म्हणून दिव्यापुढे पातळ ट्रेसिंग पेपर लावून प्रकाश विसरित करावा आणि आजूबाजूच्या रंगीत वस्तू दूर कराव्यात. अगदी गुळगुळीत नाण्यासाठी भिंग व नाणे यांच्यामध्ये ४५ अंशांत एक स्वच्छ काच धरतात. बाजूने आलेला प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन सरळ नाण्यावर पडतो आणि भिंग काचेतून नाणे पाहते. सपाट भाग उजळ व अक्षरांच्या कडा गडद दिसतात. झिजलेल्या शिवराईला मात्र या पद्धतीचा उपयोग नाही.

पूर्वीच्या नाणकशास्त्रज्ञांनी चकाकीवर वेगळीच युक्ती योजली होती. नाण्याचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्या पांढऱ्या, निस्तेज साच्याचे ते छायाचित्र घेत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सूचींतील अनेक चित्रे अशीच तयार झालेली आहेत. त्यांत लेख सुवाच्य दिसतो. धातू मात्र ओळखता येत नाही. डिजिटल कॅमेऱ्याने हा हरवलेला रंग परत दिला. पण चुकीचा रंग हा रंग नसण्यापेक्षा अधिक फसवा असतो.

रंग : सौंदर्य नव्हे, माहिती

सातवाहनांची नाणी शिसे, पोटिन, तांबे व चांदी या धातूंत आढळतात. पोटिन म्हणजे तांबे, कथिल व शिसे यांचा मिश्रधातू. तोलून व हाताळून पाहणे शक्य नसेल तेव्हा धातूचा पहिला अंदाज रंगावरूनच केला जातो. रंग नाण्याची प्रकृतीही सांगतो. तांब्यावरील गडद तपकिरी किंवा घट्ट हिरवे पुट बहुधा स्थिर असते. फिकट हिरवी, भुकटीसारखी पडणारी बुरशी दिसली तर मात्र क्लोराइडमुळे धातू आतून पोखरला जात असल्याची शंका घ्यावी. यास कांस्यरोग म्हणतात आणि दमट हवेत तो वाढत जातो. शिशाच्या नाण्यावर पांढरी पूड येते. लाकडी कपाटातील सेंद्रिय आम्लांची वाफ हे तिचे एक प्रमुख कारण आहे. छायाचित्रातील पांढरा डाग ही चकाकी आहे की शिशाचा क्षय, हे कळत नसेल तर ते छायाचित्र संग्रहपालाच्या काहीच उपयोगाचे नाही.

यासाठी पहिला नियम असा की प्रकाशाचा स्रोत एकाच प्रकारचा असावा. खिडकीतील ऊन, छतावरील ट्यूब आणि टेबलावरील दिवा यांचे मिश्रण कोणत्याही संगणकप्रणालीला पूर्णपणे सुधारता येत नाही. दुसरा मुद्दा एलईडी दिव्यांचा. खोक्यावर छापलेला सीआरआय हा निर्देशांक आठ फिकट रंगछटांच्या सरासरीवरून काढलेला असतो. गडद लाल रंगाचा नमुना नववा आहे आणि तो या सरासरीत धरला जात नाही. त्यामुळे ८० निर्देशांकाचा स्वस्त दिवा कागदावर समाधानकारक वाटतो, पण तांब्याची लाली त्यात मावळते. तांब्याचा वेगळेपणा नारिंगी-लाल प्रकाशाच्या परावर्तनात असल्याने शिवराईसाठी ९० किंवा त्याहून अधिक निर्देशांकाचा आणि आर ९ हे मूल्यही चांगले असलेला दिवा घ्यावा.

तिसरा मुद्दा व्हाइट बॅलन्सचा. तो कॅमेऱ्यावर सोपवू नये. तांब्याच्या नाण्याने चौकट भरली की कॅमेरा त्या लालीलाच प्रकाशाचा दोष समजून ती कमी करतो. नाण्याच्या जागी उदासीन करड्या रंगाचे कार्ड ठेवून प्रथम एक छायाचित्र घ्यावे व त्यावरून संतुलन करावे. लेखनाचा पांढरा कागद यासाठी वापरू नये; त्याला शुभ्रता आणणारी रसायने अतिनील किरण शोषून निळा प्रकाश टाकतात, आणि ते संतुलित करताना नाणे पिवळसर होते. आपली नियतकालिके बहुधा कृष्णधवल छपाई करतात, हेही लक्षात असू द्यावे. छपाईत तांब्याची लाली आणि गंजाचा हिरवा एकाच करड्या छटेत मिसळू शकतात. तेव्हा रंगाचे वर्णन शब्दांतही द्यावे.

कॅमेरा व मांडणी

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. मॅक्रो भिंग, स्थिर स्टँड, आयएसओ १००, रॉ फाइल आणि टायमर एवढे पुरते. अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवावे. एकास एक प्रमाणात प्रतिमा घेताना त्याचा परिणाम एफ १६ इतका होतो, त्यामुळे याहून लहान अ‍ॅपर्चरमुळे तपशील मऊ पडतो. या अंतरावर फोकसची खोली एक मिलिमीटरहूनही कमी असते. म्हणून नाणे भिंगाला अचूक समांतर हवे. त्याची परीक्षा सोपी आहे. नाण्याच्या जागी लहान आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसले की मांडणी जुळली. मोबाइल वापरायचा झाल्यास तो जवळ न नेता थोडा दूर धरून झूम भिंगाने टिपावे. अगदी जवळून नाण्यावर त्याचीच सावली पडते.

छायाचित्रापूर्वीची ‘स्वच्छता’

लक्ष्मीपूजनापूर्वी घरातील तांब्याचांदीची नाणी चिंच किंवा लिंबू लावून घासण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे आणि ती श्रद्धेने केली जाते. पण ‘सर फोटो काढणार’ म्हणून विद्यार्थ्याने आदल्या रात्री उत्साहाने घासून आणलेले नाणे पाहिले की वाईट वाटते. आम्लाने शतकांचे संरक्षक पुट निघून जाते, झिजलेल्या अक्षरांच्या कडा आणखी बोथट होतात आणि छायाचित्रात उरतो तो कालच्या चिंचेने दिलेला गुलाबी रंग. तेव्हा नाणी आणण्यास सांगतानाच ती न घासता आणावीत, ही सूचना द्यावी. मऊ कुंचल्याने सैल धूळ झटकण्यापलीकडे काही करू नये आणि नाणे कडांनीच धरावे. नाणे शेतात वा पाया खणताना सापडलेले असल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू, मोजपट्टीसह एक चौकट, करड्या कार्डाची एक चौकट, वजन, व्यास, दोन ठशांमधील कोन, प्राप्तिस्थान आणि दिव्याची दिशा एवढी नोंद एका कागदावर मावते. मूळ रॉ फाइल जशीच्या तशी जपावी आणि सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. पुढील अभ्यासकाला आपला रंग किंवा आपले वाचन पटले नाही, तर त्याला मुळापासून पुन्हा पाहता आले पाहिजे. तोवर ते नाणे कोणाच्या घरी असेल, हे कोणीच सांगू शकत नाही.