सूर्यास्तापूर्वीची मेजवानी

गेल्या डिसेंबरात आमच्या विवाहाला ४० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त मुलाने व सूनबाईंनी दक्षिण मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात रात्री आठचे टेबल राखून ठेवायचे ठरवले आणि माझी संमती विचारली. मी तत्काळ होकार दिला. बँकेत आयुष्यभर इतरांची कागदपत्रे बारकाईने तपासणाऱ्या माझ्या लक्षात एक साधी गोष्ट आली नाही. माझी पत्नी अनेक वर्षे चौविहार पाळते. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

ती रागावली नाही. ‘‘मुलांनी हौसेने ठरवले आहे. तुम्ही सर्व जेवा, मी सोबत बसेन,’’ एवढेच म्हणाली. मुलाचा चेहरा मात्र उतरला. तारापूर एमआयडीसीतील कारखान्यातून त्याला एक दिवस मोकळा मिळणे कठीण, आणि ज्या आईसाठी हा बेत केला तीच रिकाम्या ताटासमोर बसणार! तो बेतच रद्द करायला निघाला. खरे तर चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि तसे मी त्याला सांगितले.

मार्ग सूनबाईंनी काढला. त्यांनी हॉटेलला दूरध्वनी केला. भोजनगृह सायंकाळी सातला उघडणार होते. परंतु त्याच हॉटेलातील चहाच्या दालनात चार वाजता जेवण वाढण्याची तयारी व्यवस्थापकांनी दाखवली. आमच्याकडून त्यांनी एकच गोष्ट मागितली: काय चालते आणि काय चालत नाही, ते आदल्या दिवशी लेखी कळवा.

ही यादी करताना आमच्याही ज्ञानात भर पडली. ‘जैन’ म्हणजे कांदा-लसूण वगळणे, एवढाच अनेक स्वयंपाकघरांचा समज असतो. बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले हेही स्पष्ट लिहावे लागते. परदेशी पदार्थांत तर न दिसणारे घटक असतात. थाई करीच्या वाटणात बहुधा लसूण व सुकी कोळंबी असते. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. अस्सल पार्मेसान चीज वासराच्या जठरातील रेनेटने बनते आणि काही पुडिंगांत प्राणिज जिलेटिन असते. हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. तो जैन आहे असे सांगत नाही.

एवढी काळजी घेऊनही पहिलेच सूप परत करावे लागले. पत्नीने सहज विचारले, ‘‘याचे पाणी कशाचे?’’ वाढप्याने आत जाऊन चौकशी केली. भाज्यांच्या अर्कात गाजर व कांदा होता. मुख्य आचारी स्वतः बाहेर आले, त्यांनी क्षमा मागितली आणि पंधरा मिनिटांत टोमॅटोचे ताजे सूप पाठवले. पुढे आलेले कच्च्या केळ्याचे कटलेट तर नातवंडांनी दोनदा मागवले.

बिल हाती घेताच जुनी सवय जागी झाली. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के असतो. खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या हॉटेलांत तो १८ टक्के लागतो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. ग्राहकावर ते परस्पर लादू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. आमच्या बिलात ते नव्हते. वाढप्याला आम्ही स्वखुशीने बक्षिसी दिली.

सव्वापाचला बाहेर पडलो आणि मरीन ड्राइव्हला जाऊन बसलो. पत्नीने बाटलीतील पाणी पिऊन घेतले, हात जोडून पच्चक्खाण घेतले आणि थोड्याच वेळात सूर्य समुद्रात बुडाला. मुलगा तिच्या शेजारीच बसला होता. ‘‘आई, पुढच्या वर्षी आधी तुला विचारीन,’’ तो म्हणाला. ती हसून म्हणाली, ‘‘आधी तुझ्या वडिलांना विचारायला शिकव.’’

वाचकहो, घरात असा आनंदाचा बेत ठरेल तेव्हा हॉटेलच्या आधी घरातील व्रतस्थ माणसाला विचारावे. वेळ बदलता येते, पदार्थही बदलता येतात. आपल्याला कोणीच विचारले नाही, हे शल्य मात्र कोणत्याही मेजवानीने भरून निघत नाही.