भिंतीवरचं चित्र गॅलरीत गेलं तेव्हा

‘आर्ट गॅलरी’ म्हटलं की आपण बायका जरा बिचकतोच, नाही का? गुळगुळीत फरशी, इंग्रजी बोलणारी माणसं, आणि चित्राची किंमत ऐकली तर घेरीच यायची! आमच्या धनजहून कुणी मुंबईला गेलं, तर महालक्ष्मी, राणीची बाग आणि चौपाटी होईस्तोवर परतीची गाडी गाठायची वेळ होते. पण मैत्रिणींनो, काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट लागत नाही. सकाळी ११ ते संध्याकाळी ७ या वेळात खुशाल आत जावं. ‘घेणार का?’ असं कुणी विचारत नाही.

याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी या पारशी दांपत्यानं ‘गॅलरी केमोल्ड’ ही छोटीशी खासगी गॅलरी काढली. केकूंचा मूळ धंदा तसबिरींच्या चौकटींचा. आरा, हेब्बर यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रं ते आधी आपल्या फ्रेमच्या दुकानातच लावत. नव्या चित्रकलेला गिऱ्हाईक नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. १९८८ पासून त्यांची कन्या शिरीन गॅलरी पाहू लागल्या आणि २००७ साली गॅलरी फोर्टातल्या प्रिस्कॉट रोडवर गेली.

मला सांगायचंय ते मात्र १९७५ च्या प्रदर्शनाबद्दल. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा माशे यांची वारली चित्रं त्या वर्षी केमोल्डमध्ये लागली. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर फिरले होते, त्यांनी माशेंच्या हाती कागद दिला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आज वारली चित्रं साडीच्या पदरावर आहेत, चहाच्या कपावर आहेत आणि आमच्या शाळेच्या भिंतीवरसुद्धा आहेत!

आता गंमत पाहा. ही चित्रं मुळात बायकांची. लग्नघरी शेणामातीच्या, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं चौक काढायच्या. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी बसायची. हा चौक नसेल तर लग्न लागायचं नाही, इतका त्याचा मान. पण लग्न झालं, पुढं भिंत पुन्हा सारवली, की चित्र गेलं. खाली नाव कुणाचं? कुणाचंच नाही!

कागद आला आणि काडी पुरुषांच्या हाती गेली. माशेंचं मोठेपण यानं कमी होत नाही. लहानपणी आई गेली तेव्हा बोलणं सोडून ते धुळीत चित्रं काढत. लग्नकार्य नसतानाही रोज चित्र काढायचं, ही चाल त्यांनीच पाडली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. गॅलरीलाही मी बोल लावणार नाही. तिनं दार उघडलं नसतं तर आपल्या वऱ्हाडात वारली कुणाला कळली असती? पण गॅलरी चित्राला दोन गोष्टी देते, नाव आणि किंमत. त्या सवाष्णींच्या वाट्याला दोन्ही आल्या नाहीत, हे मनाला लागतंच.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. चित्रकलेच्या तासाला मुली त्रिकोणांची माणसं भराभर काढतात. पण नागपंचमीला आपल्या घरी भिंतीवर नाग कोण काढतं, असं विचारलं तर आधी हसतात, मग म्हणतात, “आजी. पण ते काय चित्र आहे का, बाई?”

तर एवढं करा. आता घरोघरी ऑइलपेंट आलाय, त्यावर गेरू बसत नाही. म्हणून सासूबाईंना, आईला जाड खाकी कागद द्या. आधी गेरूचा हात द्या, पुरता वाळू द्या. तांदळाच्या पिठात थोडं डिंकाचं पाणी घाला, म्हणजे रंग झडत नाही. पीठ फार पातळ नको, नाहीतर रेघ पसरते. आणि खाली कोपऱ्यात त्यांचं नाव आणि साल त्यांच्याकडूनच लिहून घ्या. अक्षरओळख नसेल तर अंगठा चालेल.