टँगो जमवा, खिसा सांभाळा!

टँगोचं वेड लागलंय, पण पॉकेटमनी जेमतेम? मग ‘बेस्ट ऑफ टँगो’छाप खिचडी अल्बमच्या नादी लागू नका. ब्युनोस आयर्समधल्या मिलोंगात, म्हणजे टँगो नाचण्याच्या मैफलीत, बहुधा एकाच ऑर्केस्ट्राची तीन-चार गाणी सलग वाजतात. त्या संचाला म्हणतात तांदा. खिचडीतून तो जमणार कसा? त्यापेक्षा एक ऑर्केस्ट्रा, एक गायक, एक काळ धरा. आनिबाल त्रोइलो आणि गायक फिओरेन्तिनो यांची १९४१ची चार गाणी सुटी घेतलीत, की पहिला तांदा तयार! पुढच्या महिन्यात १९३६-३७चा हुआन दारिएन्सो. त्यातला बियाजीचा पियानो पायांना स्वस्थ बसू देत नाही. मात्र रेकॉर्डिंगचं साल बघाच. दारिएन्सोनं ‘ला कुम्पारसिता’ कितीतरी वेळा रेकॉर्ड केलंय. आधी फुकट ऐका, मगच पैसे मोजा.