बारकोड लावावा की रेडिओ टॅग? छोट्या व्यापाऱ्यांनी खर्च करण्याआधी हे वाचा

आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील खजूर, सुकामेवा आणि बिस्किटांचा होलसेल धंदा करतात. गोडाऊन कर्जतला, घर पळसदरीला. गेल्या रमजानमध्ये त्यांचा हिशेब बिघडला. वहीत माल जास्त, गोडाऊनमध्ये कमी. ईद झाल्यावर झाडलोट करताना मागच्या कोपऱ्यात खजुराची अकरा खोकी सापडली, तारीख उलटून गेलेली. नुकसान झालं ते झालंच, वर कामावरच्या पोरांवर उगाच संशय घेतला गेला.

मग एक सेल्समन आला. म्हणाला, प्रत्येक खोक्याला रेडिओ टॅग लावा, दारात रीडर बसवा, टेम्पो बाहेर पडला की माल आपोआप मोजला जाईल. हे भाई कोटेशनचा कागद घेऊन माझ्याकडे आले. "सर, एवढे पैसे घालू का? की साधे बारकोडवाले स्टिकर बस होतील?"

मी व्यापारी नाही, पण प्रश्न चांगला होता, आणि आपल्या समाजात असा छोटा धंदा करणारी घरं पुष्कळ आहेत. म्हणून जे त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी बारकोड. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या म्हणजे फक्त एक नंबर, तो यंत्राला वाचता येईल अशा रीतीने छापलेला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा काउंटरवर स्कॅन झाला. आपल्याकडच्या पाकिटावर १३ आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा पहारेकरी असतो. डावीकडून पहिले बारा आकडे घ्या, एकाला १ ने, पुढच्याला ३ ने, असं आलटून पालटून गुणा आणि बेरीज करा. त्या बेरजेत शेवटचा आकडा मिळवला की उत्तराला १० ने भाग गेलाच पाहिजे. नाही गेला तर कुठला तरी आकडा चुकलाय. सातवीच्या मुलांकडून मी हे बिस्किटाच्या पुड्यावर करून घेतो, वर्गात पिन ड्रॉप शांतता असते.

क्यूआर कोड ही त्याचीच पुढची पायरी. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, तोही पैसे देण्यासाठी नव्हे, तर गाड्यांचे सुटे भाग मोजण्यासाठी. आडवी आणि उभी दोन्हीकडे माहिती असल्याने तो खूप जास्त मजकूर धरतो, आणि नीट बनवला तर तीस टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येतो. तीन कोपऱ्यांतले चौकोन कॅमेऱ्याला सांगतात की कोड कुठे आहे आणि कसा फिरलाय.

पण बारकोड असो की क्यूआर, एक अट कायम: यंत्राला तो दिसला पाहिजे. खोकं उलटं ठेवलं, स्टिकर फाटला, वर दुसरं खोकं आलं, की काम थांबलं.

रेडिओ टॅगला, म्हणजे आरएफआयडीला, ही अट नाही. तो कसा चालतो हे बघायला लांब जायची गरज नाही, खालापूरचा टोलनाका बघा. काचेवरचा फास्टॅग हाच तो रेडिओ टॅग. त्यात बॅटरी नसते. वरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्या लहरींतूनच टॅगमधली बारीक चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. अंतर काही मीटरचं, वेळ सेकंदापेक्षा कमी. आणि एकाच वेळी शेकडो टॅग वाचता येतात. सेल्समन खोटं बोलत नव्हता.

जाता जाता एक गोष्ट. २०२२ च्या जून महिन्यात एक व्हिडिओ फिरला होता, काच पुसणारा मुलगा घड्याळाने फास्टॅगमधले पैसे काढतो असा. आपल्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर तो आला होता. तो खोटा होता. टॅगमध्ये पैसे नसतातच, फक्त नंबर असतो. पैसे खात्यात असतात, आणि नोंदणी झालेल्या टोल-पार्किंगवाल्यांशिवाय कोणी ते कापू शकत नाही.

आपल्याच रायगड जिल्ह्यात याचं मोठं उदाहरण आहे. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरात जुलै २०१६ पासून कंटेनरना असे टॅग लावायला सुरुवात झाली. भारत सरकारचा ट्रस्ट आणि जपानची एनईसी कंपनी यांनी मिळून हे काम काढलं. कंटेनर बंदरातून निघाला की वाटेतल्या टोलनाक्यांवर बसवलेले रीडर त्याचा नंबर टिपतात, आणि माल कुठपर्यंत आला हे मालकाला वेबसाइटवर कळतं. ड्रायव्हरला सारखे फोन करावे लागत नाहीत. तिथे टॅगचा खर्च परवडतो, कारण एका टॅगमागे लाखोंचा माल असतो.

खजुराच्या खोक्यामागे किती असतो? इथेच खरा हिशेब आहे. बारकोडच्या स्टिकरला काही पैसे लागतात आणि मोबाइलचा कॅमेराही तो वाचतो. रेडिओ टॅगला प्रत्येकी काही रुपये, शिवाय दारातला रीडर, अँटेना, सॉफ्टवेअर असा मोठा खर्च वेगळा.

आणखी एक अडचण सेल्समन सहसा सांगत नाही. या लहरींना पाणी आणि धातू सोसत नाही. पाणी त्या शोषून घेतं, धातू त्या परतवतो. झमझमच्या ५ लिटरच्या डब्यावर साधा टॅग थेट चिकटवला तर रीडरला तो बहुतेक सापडणार नाही. तेलाचे, तुपाचे पत्र्याचे डबे हीच तऱ्हा. त्यांना खास टॅग लागतात, ते महाग. उलट कधी नको तेही वाचलं जातं: दाराजवळच्या रॅकवरचा माल टेम्पोत चढला असं यंत्राला वाटतं.

मग टॅगचा उपयोग कुठे? जिथे माल एकमेकांवर पडलेला असतो आणि फिरवून बघायला वेळ नसतो तिथे. अम्मी उमराहून परतल्या तेव्हा त्यांची बॅग दोन दिवस उशिरा आली. आत भावंडांसाठी घेतलेलं सामान आणि त्यांची बीपीची औषधं. बॅगेवरची बारकोडची कागदी पट्टी चुरगळून अर्धी फाटली होती, मशीनने ती वाचलीच नाही. त्या पट्टीत रेडिओ चिप असती तर फाटका कागद आड आला नसता. म्हणूनच २०१९ मध्ये विमान कंपन्यांच्या आयाटा या जागतिक संघटनेने बॅगांसाठी रेडिओ टॅगचा ठराव केला. तरी बऱ्याच ठिकाणी अजून कागदी पट्टीच चालते. तुम्ही जाणार असाल तर बॅगेच्या आतही नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, आणि औषधं हातातल्या पिशवीत.

बारकोडबद्दल अजून एक गैरसमज ग्रुपवर फिरतो. पहिल्या तीन आकड्यांवरून माल कुठल्या देशात बनला ते कळतं, म्हणतात. तसं नाही. ८९० म्हणजे भारत, ६२८ म्हणजे सौदी, ७२९ म्हणजे इस्रायल हे खरं, पण त्यावरून फक्त कंपनीने आपला नंबर कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला एवढंच समजतं. माल तिसऱ्याच देशात बनलेला असू शकतो. हलाल आहे की नाही हे तर त्या पट्ट्यांत मुळीच लिहिलेलं नसतं. त्यासाठी लेबल वाचावं लागतं.

औषधांचा क्यूआर मात्र जरूर स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर तो सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख येते. ती पाकिटावर छापलेल्या बॅच-तारखेशी जुळते का बघा. क्यूआरची फोटोकॉपी कोणीही काढू शकतो, म्हणून नुसता कोड आहे यावर समाधान मानू नका.

त्या भाईंना मी म्हटलं, तुमचा माल चोरीला गेलेला नव्हता, तो मागे पडून राहिला होता. रेडिओ टॅगने खोकं मोजलं असतं, पण जुना माल पुढे कोणी आणला असता? त्यांनी शेवटी प्रिंटर आणि हातात धरायचा एक स्कॅनर घेतला. प्रत्येक खोक्यावर क्यूआर, त्यात मालाचं नाव, आल्याची तारीख आणि संपायची तारीख. गोडाऊनमध्ये येताना एकदा स्कॅन, जाताना एकदा. ज्याची तारीख आधी तो आधी बाहेर. रमजानचा माल आता यायला लागलाय, आणि स्कॅनर तोच पोरगा चालवतो ज्याच्यावर गेल्या वर्षी संशय घेतला होता.