राघूचा डोळा आणि भिंगाचे छिद्र

वेडा राघू हा छोटा हिरवा पक्षी तारेवर बसतो, उडून माशी टिपतो आणि पुन्हा तारेवर येतो. त्याचे फोटो काढण्यासाठी आम्ही एका मित्राकडून २०० मिमी नाभीय अंतराचे, मोठ्या छिद्राचे टेलिफोटो भिंग मागून आणले. ऊन उतरले होते, तरी फोटो उजळ आले. पण तिरप्या तारेचा अलीकडचा भाग रेखीव आणि राघूचा डोळा पुसट! दोष भिंगाचा की आमचा?

भिंगावर एफ/२.८ असे लिहिले होते. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणजे येथे व्यास झाला सुमारे ७१ मिमी. एफ/११ ला तो फक्त १८ मिमी. आकडा लहान, तर छिद्र मोठे! व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होते आणि प्रकाशही सोळापट मिळतो. एफ/११ ला १/६० सेकंद लागत असेल, तर एफ/२.८ ला १/१००० सेकंद पुरतो. हात किंचित हलला तरी चित्र हलत नाही.

याची किंमत मात्र मोजावी लागते. एका बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून गेल्यावर शंकूसारखे एकत्र येतात. शंकूचे टोक नेमके पडद्यावर आले, तर प्रतिमा बिंदूएवढीच. टोक पुढेमागे झाले, तर गोल ठिपका उमटतो. छिद्र मोठे असेल तर शंकू रुंद, म्हणून ठिपकाही मोठा. ३५ मिमी फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यात, ५ मीटरवरच्या पक्ष्यासाठी, एफ/२.८ ला रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंमी जाडीचा असतो. एफ/११ ला तो सुमारे ४० सेंमी होतो. फोकस केल्यावर बटण दाबेपर्यंत आम्ही थोडे मागे झुकत होतो. तेवढ्यानेच डोळा पट्ट्याबाहेर जात होता!

हे वर्गात करून पाहा. खोलीत अंधार करा. ५ सेंमी व्यासाच्या भिंगापुढे दोन मेणबत्त्या कमीजास्त अंतरावर ठेवा आणि पलीकडे पांढरा कागद धरा. एका वेळी एकच ज्योत स्पष्ट दिसेल. आता १ सेंमी भोक पाडलेला पुठ्ठा भिंगाला लावा. प्रकाश पंचविसावा हिस्सा उरेल, पण दोन्ही ज्योती बऱ्याच स्पष्ट होतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोपर कुंपणाच्या खांबाला टेकवले, फोकस डोळ्यावरच धरला आणि एकामागून एक बरेच फोटो घेतले. त्यांतल्या काहींत डोळा लख्ख आला. शेपटी पुसट होती, पण ते चालण्यासारखे होते.

आता एक प्रश्न. मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी फळा वाचताना डोळे बारीक का करतो? तोही छिद्र लहान करून ठिपके लहान करत असतो. त्याला रागावू नका. त्याचे डोळे तपासून घ्या.