बघण्यासारखं काही नसलेल्या गावात

प्रवासाला निघण्यापूर्वी आपण घरी बसून जो कागद तयार करतो, तो एकदा नीट पाहा. पहाटे चारला उठणे, सहाची बस, दुपारी दर्शन, रात्री पुढचा मुक्काम. त्या कागदावर देवळं असतात, धबधबे असतात, सूर्योदयसुद्धा असतो. पण ‘आज काहीही नाही’ असा दिवस मात्र नसतो. असला, तर घरातलं कोणीतरी विचारतंच, “अहो, एवढे पैसे खर्चून जायचं आणि एक दिवस फुकट घालवायचा?”

मैत्रिणींनो, आज मला या फुकटच्या दिवसाबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. आपल्यातल्या पुष्कळजणी आता नुसत्या बायकाबायकांचा गट करून बाहेर पडू लागल्या आहेत. यात्राकंपनीबरोबर गेलं की चहापासून गादीपर्यंत सगळं हातात येतं, पण ते सगळ्यांच्याच खिशाला परवडत नाही. मग पाठीवर सॅक, साधी बस, धर्मशाळेतली खोली आणि रोजच्या खर्चाची वही, असा प्रवास करावा लागतो. तो स्वस्त पडतो खरा, पण त्याची किंमत शरीर मोजत असतं. म्हणूनच अशा प्रवासात मुद्दाम थांबायला शिकलं पाहिजे, आणि तेही जिथे बघायला काही नाही अशा ठिकाणी.

मेच्या सुटीत आम्ही चौघी गढवालला गेलो होतो. मी, माझ्या मोठ्या जाऊबाई, धाकटी नणंद आणि आमच्या शाळेतल्या एक बाई. जाऊबाईंचं वय चोपन्न, नणंद तिशीच्या आतली. रोज माणशी आठशे रुपयांत राहणं, जेवण आणि बस बसवायची, असा आमचा नियम. यमुनोत्रीची जानकी चट्टीपासूनची पाच-सहा किलोमीटरची चढण झाली. मग गंगोत्री, आणि तिथून परवाना काढून गोमुखापर्यंतची अठरा किलोमीटरची पायवाट. वाटेत भोजबासाला एक रात्र कुडकुडत काढली. असे नऊ दिवस झाल्यावर केदारनाथला निघण्यापूर्वी दोन रात्रींचा मुक्काम मी कागदावर लिहून ठेवला होता. गावाचं नाव श्रीनगर.

नाव ऐकून दचकू नका. हे काश्मीरचं श्रीनगर नव्हे. हे गढवालातलं, अलकनंदेच्या काठचं. ऋषिकेशहून बदरीनाथला जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे शंभर किलोमीटरवर लागतं. चारधामच्या गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि पुढे निघून जातात. ना बर्फ, ना दल सरोवर. उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे मे महिन्यात उन्हाचा चटका आपल्या गावासारखाच. बाजारात औषधांची, कापडाची, भांड्यांची दुकानं आणि कॉलेजच्या मुलामुलींची गर्दी.

टिहरीकडून मलेथा, कीर्तिनगर करत बस पुलापाशी आली, तेव्हा नणंदबाई म्हणाल्याच, “वहिनी, काश्मीरचं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे दोन दिवस करायचं काय?”

“काही नाही करायचं,” मी म्हटलं.

शाळेतल्या बाईंचाही चेहरा उतरला होता. त्या दोघींचा आदल्या दिवसापासून पैशांवरून अबोलाच चालला होता. जाऊबाई मात्र खिडकीला डोकं टेकून गप्प बसून होत्या.

खोलीवर आलो, सॅक टेकवल्या आणि जाऊबाईंनी पायातले मोजे काढले. टाचेवरचा फोड फुटून चिघळला होता, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. विचारलं तेव्हा कळलं, तीन दिवस पोटही बिघडलेलं होतं. काळा चहा आणि बिस्किटं यांवर त्यांनी दिवस काढले होते.

“वहिनी, अहो, बोलला का नाहीत?”

“सगळ्यांचा खोळंबा झाला असता गं. एवढे पैसे खर्चून आलात तुम्ही.”

वाचताना तुम्हांलाही स्वतःचं काही आठवलं असेल. घरी ताप अंगावर काढून पोळ्या लाटणाऱ्या आपण प्रवासातही तेच करतो. आणि धावत्या प्रवासात ते खपूनही जातं. पहाटे अंधारात बूट चढवायचे, रात्री अंधारातच पांघरुणात शिरायचं. कोणाचे पाय कोण बघतंय? दोन दिवस एका जागी बसलं, पायांना ऊन लागलं, की लपवलेलं दुखणं आपोआप दिसतं. त्या मुक्कामाशिवाय जाऊबाई तशाच पायांनी केदारनाथच्या सोळा किलोमीटरच्या चढणीला लागल्या असत्या.

या गावाची हकीकत दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या वृद्ध व्यवस्थापकांनी ऐकवली. पहाडातलं गाव असूनही इथले रस्ते एवढे सरळ आणि काटकोनात कसे, असं मी त्यांना विचारलं होतं. ते रस्ते मुळी आखून बांधलेले आहेत. जुनं श्रीनगर गढवालच्या राजांची राजधानी होती. मोलाराम हे नामांकित चित्रकार याच गावचे. १८०३ सालच्या भूकंपानं गाव खिळखिळं केलं, पाठोपाठ गुरख्यांची स्वारी आली आणि १८१५ नंतर राजधानी टिहरीला गेली. मग १८९३ साली वर बिरही गंगेच्या खोऱ्यात डोंगर कोसळून नदी अडली आणि गोहना नावाचं प्रचंड तळं तयार झालं. हा बांध कधी ना कधी फुटणार, हे ओळखून सरकारनं तिथून खाली हरिद्वारपर्यंत तारेची सोय केली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला आणि जुनं श्रीनगर वाहून गेलं. पण सूचना आधी पोचली होती आणि लोक उंचावर जाऊन बसले होते. जीव गेले ते फक्त एका फकिराच्या कुटुंबाचे. हलवूनसुद्धा ते पुन्हा धोक्याच्या जागी परतले होते. आज आपण पाहतो ते गाव त्यानंतर वरच्या अंगाला वसवलेलं आहे.

जाऊबाई खाटेवर पाय वर करून हे ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “म्हणजे तार आली की उठून बाजूला बसावं, हेच खरं.” आणि आपणहून डॉक्टरकडे यायला तयार झाल्या!

बाजारातल्या डॉक्टरांनी पाय धुऊन पट्टी केली. पोटासाठी मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्या म्हणाले. पायाला मात्र चार-पाच दिवस बूट नको, चढण तर नकोच. संध्याकाळी चौघी गच्चीवर बसलो. प्रश्न साधा नव्हता. केदारनाथ हे जाऊबाईंचं लहानपणापासूनचं स्वप्न. नणंद म्हणाली, “सगळ्यांच्या पैशांतून वहिनींना घोडा करू.” त्यावरून खर्चाची वही निघाली. नऊ दिवसांचा हिशेब पहिल्यांदाच शांतपणे मांडला, आणि ज्या साडेतीनशे रुपयांवरून त्या दोघींचा अबोला होता, ते बसच्या तिकिटांचे दोनदा लिहिले गेले होते, असं निघालं. दोघी हसल्या. आमच्या मनावरचा निम्मा भार तिथेच उतरला.

घोड्याला जाऊबाईंनीच नकार दिला. रिकिबीत चिघळलेली टाच ठेवून सहा तास बसणं त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी विचारलं, “केदारनाथाची पालखी हिवाळ्यात खाली कुठे येते म्हणालीस?”

“उखीमठला. ओंकारेश्वराच्या देवळात.”

“मग झालं तर. देव सहा महिने तिथे राहतो, मी दोन दिवस राहीन.”

तसंच केलं. आम्ही दोघी वर जाऊन आलो; जाऊबाई नणंदेसोबत उखीमठला राहिल्या. नणंदेनं सोबतीला राहायचं आपणहून ठरवलं होतं. जाऊबाईंचा डोळा भरून आला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या धडधाकट घरी परतल्या, आणि आता पुढच्या वर्षीसाठी गुडघ्यांचा व्यायाम करताहेत.

मुक्कामाचं गाव कसं निवडाल?

पहिली गोष्ट, ते प्रेक्षणीय नको. प्रेक्षणीय गावात विश्रांती होत नाही. खोली महाग मिळते, आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणत आपण पुन्हा बाहेर पडतो. बसचा मोठा थांबा, भरलेला बाजार, दवाखाना आणि पैसे काढायची सोय असलेलं गाव उत्तम. श्रीनगरला विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय असल्यानं साधी खानावळ, झेरॉक्स, शिंपी, चांभार सगळं हाताशी आहे. आमच्या दोन सॅकचे तुटलेले पट्टे तिथेच शिवून झाले.

दुसरी गोष्ट, उंचीची. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. चढणीनंतर खालच्या गावात झोप चांगली लागते, भूक परत येते. पण खाली राहिल्यावर पुन्हा एका दमात वर धावू नका. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. म्हणून आम्ही गुप्तकाशीला एक रात्र आणि गौरीकुंडला एक रात्र असे टप्पे घेतले. वर गेल्यावर डोकं सारखं दुखणं, मळमळणं, बसल्या जागी धाप लागणं असं झालं, तर आणखी चढू नये. त्रास वाढत असेल तर ताबडतोब खाली यावं.

दोन दिवसांत काय कराल?

आल्या आल्या कपडे भिजवा. वाळवायला पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं, ते प्रवासात पुन्हा मिळेलच असं नाही. सॅकमध्ये जाड सुई, दोरा आणि पंधरा फूट नायलॉनची दोरी असू द्या.

पाय कोमट पाण्यात धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा आणि दोन दिवस चपला घाला. न फुटलेला फोड मुद्दाम फोडू नका.

पोट बिघडलं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसभर थोडं थोडं प्या. चमचा चहाचा, लहान. जुलाबात रक्त दिसलं किंवा ताप आला, तर घरगुती उपायांवर थांबू नका.

पोट बरं असलेल्यांनी तिथलं साधं अन्न जरूर खावं. गढवालातला मंडुआ म्हणजे आपली नाचणीच. त्याची गरम भाकरी आणि पालेभाजी जेवताना परक्या मुलखात आहोत असं वाटत नाही. झंगोरा आपल्या भगरीच्या जातीचा, त्याची खीर करतात. मे महिन्यात बाजारात लालसर, आंबटगोड काफळाची फळं येतात, ती मात्र धुऊन खा.

सगळ्या जणींनी मिळून हिशेब एकदा पुरा करा, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: “तुला काय होतंय?” ‘काही नाही’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका. पाय दाखवायला सांगा.

आणि संध्याकाळी हवं तर एक फेरी मारा. श्रीनगरला कमलेश्वराचं जुनं देऊळ आहे. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री मूल व्हावं म्हणून आलेली जोडपी तिथे हातात पेटता दिवा धरून रात्रभर उभी राहतात. आम्ही गेलो तेव्हा आवार अगदी शांत होतं. पायरीवर बसून जाऊबाई म्हणाल्या, “रात्रभर उभं राहायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. बसायलाच शिकवावं लागतं.”

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सुटीचा कागद कराल तेव्हा दर सात-आठ दिवसांमागे एक साधं गाव त्यावर लिहा, आणि त्यापुढे ‘विश्रांती’ असं ठळक अक्षरांत लिहा. घरातलं कोणी विचारलंच, तर सांगा, तो दिवस फुकटचा नाही. पुढचे सगळे दिवस त्याच्याच जोरावर व्हायचे आहेत.